अलामोची राख

पराभवातून निर्माण होणारे वाङ्मय विजयाच्या वाङ्मयापेक्षा पुष्कळदा सरस उतरते. पानिपतावर लिहिलेल्या आपल्या बखरी ज्यांनी आवडीने वाचल्या असतील त्यांना हे वेगळे पटवून द्यायला नको. हरलेला माणूस आपल्या हरण्याचा अर्थ शोधीत राहतो, आणि त्या शोधात कधी कधी त्याला माणसाचे मन सापडते. टेक्सासच्या क्रांतीचे वाङ्मय वाचू लागले म्हणजे मात्र एक चमत्कारिक प्रकार नजरेस येतो. तिथे पराभवाचे वाङ्मयसुद्धा विजेत्यांनीच लिहिलेले आहे. अलामोचा जुना मठ ६ मार्च १८३६ रोजी पहाटे पडला, आतले सारे लढवय्ये मारले गेले. आणि त्यानंतर सात आठवडेही उलटले नाहीत तोच, २१ एप्रिलला, सान हासिंतोच्या मैदानात त्याचा सूड उगवला गेला. शोकाला मुरायला अवधीच मिळाला नाही. पराभव ही विजयाची प्रस्तावना होऊन बसली, आणि प्रस्तावना म्हणूनच ती गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षे लिहिली, गायली आणि पडद्यावर दाखवली जात आहे.

इतिहास थोडक्यात सांगायला हवा. १८२१ मध्ये मेक्सिको स्पेनच्या सत्तेखालून मुक्त झाला तेव्हा त्याच्या उत्तर सीमेवरचा टेक्सास हा विरळ वस्तीचा, कोमांचे लोकांच्या स्वाऱ्यांनी गांजलेला मुलूख होता. तो वसवावा म्हणून सरकारने अमेरिकेतून येणाऱ्या कुटुंबांना जमिनी दिल्या. स्टीफन ऑस्टिनची वसाहत ही त्यांतली पहिली. हे लोक कापसाची शेती घेऊन आले, आणि शेतीबरोबर आपले निग्रो गुलाम घेऊन आले. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केल्याचे जाहीर केले. टेक्सासपुरती सवलत द्यावी लागली. १८३० च्या कायद्याने अमेरिकेतून नवी माणसे येण्यास बंदी घातली. ती येतच राहिली. पुढे सांता आनाने १८२४ ची संघराज्याची घटना गुंडाळून सारी सत्ता राजधानीत एकवटली, तेव्हा एकटा टेक्सास नव्हे, इतरही प्रांत उठले. साकातेकासचे बंड तर त्याने १८३५ मध्ये फार क्रूरपणे मोडले. म्हणजे ज्या उठावाला आपण टेक्सासचे स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो त्यात निदान दोन उठाव एकमेकांत मिसळलेले होते. एक मेक्सिकोच्या घटनेसाठी, दुसरा मेक्सिकोपासून सुटण्यासाठी. २ मार्च १८३६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने दुसऱ्याने पहिल्याला गिळले. लोरेन्सो दे साव्हाला ह्या मेक्सिकन मुत्सद्द्याची सही १८२४ च्या घटनेवरही आहे आणि ह्या जाहीरनाम्यावरही आहे, एवढे सांगितले म्हणजे ह्या मिसळणीची कल्पना येईल.

आता वाङ्मयाकडे वळू. त्याचा आरंभ एका पत्रापासून करावा लागतो. वेढा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, विल्यम ट्रॅव्हिस ह्या सव्वीस वर्षांच्या सेनापतीने अलामोतून मदतीसाठी जे पत्र धाडले ते इंग्रजी युद्धपत्रांतले एक अव्वल पत्र आहे, ह्यात वाद नाही. वाक्ये आखूड आहेत. दमल्याचा किंवा भ्याल्याचा कुठे मागमूस नाही. मरणाची तयारी सांगताना आवाज चढत नाही. नाटकीपणा थोडासा आहे, पण तो त्या वयाला आणि त्या काळाला शोभून जातो. मला त्या पत्रातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते ती त्याचा मायना. ते टेक्सासच्या जनतेला आणि जगातल्या यच्चयावत अमेरिकनांना उद्देशून लिहिले आहे. ज्या देशाची घटना वाचवण्यासाठी चार महिन्यांपूर्वी बंदुका उचलल्या होत्या त्या देशातल्या लोकांना त्यात स्थान नाही. मग त्याच मठात त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारे जे काही स्पॅनिशभाषी होते त्यांना हे पत्र कुणाचे वाटले असेल? पुढच्या दंतकथेचा सारा साचा ह्या मायन्यात तयार झालेला आहे. कोण 'आपण' आणि कोण 'ते', हे त्यात एकदा ठरून गेले.

दंतकथेची वाढ कशी झाली हे पाहणे मोठे मौजेचे आहे. तलवारीने जमिनीवर रेघ ओढून 'मरायला तयार असतील त्यांनी अलीकडे यावे' असे ट्रॅव्हिसने म्हटले, हा प्रसंग आज अमेरिकेतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तो प्रथम छापला गेला १८७३ मध्ये, घटनेनंतर सदतीस वर्षांनी, आणि ज्याने छापला त्या झुबरने ट्रॅव्हिसच्या भाषणाचा काही भाग आपणच रचल्याचे पुढे मान्य केले. तरी रेघ काही पुसली गेली नाही. कादंबऱ्याही निघाल्या. ऑगस्टा इव्हान्स ह्या लेखिकेने विशीच्या आत लिहिलेली 'इनेझ' १८५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अलामोपेक्षा कॅथलिक पाद्र्यांवरचा रागच अधिक आहे. अमेलिया बारची कादंबरी १८८८ ची. ह्या दोन्ही आज अभ्यासकाखेरीज कुणी वाचणार नाही, आणि न वाचल्याने कुणाचे काही अडणारही नाही. दंतकथेला खरे बळ दिले ते विसाव्या शतकातल्या पडद्याने. डिस्नेच्या दूरचित्रवाणीवरील क्रॉकेटने १९५४-५५ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या डोक्यांवर शेपटीच्या टोप्या चढवल्या, आणि १९६० मध्ये जॉन वेनने स्वतःच दिग्दर्शन करून, स्वतःच क्रॉकेट होऊन, दारूगोळ्याच्या कोठारासकट स्वतःला उडवून घेतले.

क्रॉकेट कसा मेला ह्यावर अमेरिकेत जितका कागद खर्ची पडला आहे तितका टेक्सासच्या साऱ्या घटनेवर पडला नसेल. १८४० च्या सुमारास तो मेक्सिकोतल्या एका खाणीत जिवंत असल्याची आवई उठली होती. भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत वाचलेल्या माणसाला ह्यात नवल वाटायचे नाही; लोकांचे मन सगळीकडे सारखेच चालते. उलट बाजूने, सांता आनाच्या फौजेतला एक अधिकारी होसे एन्रिके दे ला पेन्या ह्याचे कथन १९५५ मध्ये मेक्सिकोत छापले गेले. त्यात क्रॉकेट जिवंत पकडला गेला आणि सांता आनाच्या हुकुमाने ठार केला गेला असे आहे. १९७५ मध्ये कार्मेन पेरी ह्यांनी ते इंग्रजीत आणताच संतापाची लाट उसळली, अनुवादिकेला शिव्याशापांची पत्रे आली. हस्तलिखित बनावट असल्याचा पुकारा झाला. पुढे ते लिलावात निघून टेक्सास विद्यापीठाकडे आले आणि कागद-शाईच्या तपासणीत त्या काळचेच ठरले.

हा वाद वाङ्मयाच्या दृष्टीने मला फारसा फलदायी वाटत नाही. लढत मेला काय आणि पकडून मारला गेला काय, क्रॉकेट त्यामुळे लहान होत नाही की मोठा होत नाही. दे ला पेन्याचे पुस्तक वाचावे ते वेगळ्याच कारणासाठी. आपल्याच सेनापतीची चीड, थंडीत कुडकुडणाऱ्या, भाकरीवाचून चालणाऱ्या सैनिकांविषयीची कणव, आणि शत्रूच्या शौर्याची मनमोकळी कबुली ह्या तिन्ही गोष्टी त्याच्यात एकाच वेळी नांदतात. अशी गुंतागुंत अलामोच्या इंग्रजी कथांत सहसा आढळत नाही. तिथे वीररस आहे, आणि तो भरपूर आहे. पण ज्याच्यावर दोन बाजूंचे हक्क आहेत असा माणूस तिथे नाही. आणि असा माणूस असल्याखेरीज शोकात्मिका उभी राहत नाही. मरण हे काही तिला पुरत नाही.

अशी माणसे त्या घटनेत नव्हती असे मुळीच नाही. ती होती, कथेने त्यांना बाहेर ठेवले. ट्रॅव्हिसचा गुलाम जो हा त्या पहाटे मालकाशेजारी भिंतीवर होता. तो वाचला, आणि टेक्सासच्या नव्या सरकारपुढे त्यानेच अलामोच्या पाडावाची हकीकत सांगितली. विल्यम फेअरफॅक्स ग्रे ह्या व्हर्जिनियाच्या गृहस्थाने ती ऐकली, जोच्या बोलण्यातला नेमस्तपणा आणि स्वच्छपणा त्याने आपल्या रोजनिशीत नमूद केला. म्हणजे अलामोचा पहिला बखरकार हा एक गुलाम. हकीकत सांगून झाल्यावर त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत पुन्हा जमा करण्यात आले. नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले होते, आणि स्वतंत्र निग्रोलाही काँग्रेसच्या परवानगीवाचून तिथे राहता येत नव्हते. २१ एप्रिल १८३७ रोजी, सान हासिंतोच्या पहिल्या वाढदिवशी, जो पळून गेला. त्याला पकडून आणण्याबद्दल बक्षिसाची जाहिरात वृत्तपत्रात लागली. स्वातंत्र्याचा उत्सव त्याने आपल्या परीने साजरा केला असे म्हणायला हरकत नाही. २०१५ मध्ये त्याच्यावर एक चरित्रग्रंथ निघाला आहे. 'क्लोटेल' ही कादंबरी लिहिणारा विल्यम वेल्स ब्राउन हा जोचा भाऊ होता, असे त्याच्या लेखकांचे प्रतिपादन आहे. ते खरे धरले तर एका भावाने आपली कहाणी आपण लिहिली, आणि दुसऱ्याची कहाणी पावणेदोनशे वर्षे रोजनिशीच्या एका नोंदीत पडून राहिली.

पण ज्यांच्यावाचून ही कथा कथाच होत नाही ते लोक म्हणजे सान अंतोनिओ गावचे तेहानो, म्हणजे टेक्सासमधले स्पॅनिशभाषी रहिवासी. मठ त्यांच्या गावाच्या कडेला होता. गोळे त्यांच्या घरांवरून जात होते. ग्रेगोरिओ एस्पार्सा अलामोत लढताना मेला. त्याचा भाऊ फ्रान्सिस्को सांता आनाच्या बाजूला होता, त्याने परवानगी मागून भावाचे प्रेत उचलले आणि पुरले. बाकी सगळी प्रेते जाळली गेली. आणखी एक घर पाहा. जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या एकूणसाठ जणांत टेक्सासच्या मातीत जन्मलेले दोघेच होते, होसे फ्रान्सिस्को रुईस आणि होसे अंतोनिओ नाव्हारो, हे मामा-भाचे. रुईसचा मुलगा त्या वेळी सान अंतोनिओचा आल्काल्दे, म्हणजे नगरप्रमुख. वडिलांनी २ मार्चला स्वातंत्र्यावर सही केली. ६ मार्चला सांता आनाच्या हुकुमावरून मुलाला ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट ह्यांची प्रेते ओळखून दाखवावी लागली आणि चितांसाठी लाकडे आणवावी लागली. त्याने ही हकीकत पुढे सांगितली, ती १८६० मध्ये टेक्सासच्या एका पंचांगवजा वार्षिकात छापली गेली. लांबी फार तर पानभर. भावनेचा एक शब्द नाही. मला विचाराल तर वेनच्या साऱ्या चित्रपटापेक्षा ह्या पानभर हकीकतीत नाट्य अधिक आहे.

आणि ह्या गावचाच हुआन नेपोमुसेनो सेगीन. टेक्सासच्या क्रांतीला एखादा शोकनायक असेल तर तो हाच, असे माझे मत आहे.

सेगीन १८०६ मध्ये सान अंतोनिओत जन्मला. १८२१ मध्ये ऑस्टिनचे स्वागत करायला जे पुढे झाले त्यांत त्याचे वडील एरास्मो होते. सांता आनाविरुद्ध त्याने आपल्या लोकांची घोडदळाची तुकडी उभी केली. अलामोत तो होता. वेढ्यातून निरोप घेऊन त्याला बाहेर पाठवले म्हणून तो वाचला. सान हासिंतोला ह्यूस्टनने त्याच्या लोकांना मागे ठेवू म्हटले, त्याने ते ऐकले नाही. आपल्याच बाजूची गोळी लागू नये म्हणून टोप्यांत पुठ्ठ्याचे तुकडे खोचून त्याची माणसे लढली. हा पुठ्ठ्याचा तुकडा मला ह्या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटतो. ट्रॅव्हिसच्या माणसांना आपण कोण हे टोपीवर लावून दाखवावे लागले नव्हते. ती लढाई अठरा मिनिटे चालली. सुमारे सहाशे तीस मेक्सिकन मेले, टेक्सासचे नऊ. त्यानंतर पुष्कळ वेळ पळणाऱ्यांची कत्तल चालू होती, आणि तिच्यात चेहरा पाहून गोळी घातली जात होती.

२५ फेब्रुवारी १८३७ रोजी अलामोच्या मृतांवर अंत्यसंस्कार केले ते सेगीनने. राखेचे तीन ढीग सापडले होते. काळ्या कापडाने मढवलेल्या शवपेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने ट्रॅव्हिस, बोवी आणि क्रॉकेट अशी तीन नावे कोरली होती. सेगीन आपल्या भाषेत, स्पॅनिशमध्ये बोलला. त्या राखेत त्याच्या गावची, त्याच्या ओळखीची माणसे होती. त्यांची नावे त्याने झाकणावर घातली नाहीत. का घातली नाहीत? आपण नव्या राज्याचे अधिकारी आहोत, आपल्या लोकांची नावे पुढे करणे बरे दिसणार नाही, असा संकोच त्यामागे असेल का? ह्या प्रश्नाशी एखादा कादंबरीकार वर्षभर बसावा. पुढे १८८९ मध्ये, म्हातारपणी, त्याने एका पत्रात लिहिले की राख आपण सान फेर्नांदोच्या चर्चमध्ये पुरली. १८३७ चे वर्णन वेगळे आहे. आज त्या चर्चमध्ये संगमरवरी पेटी आहे, आणि तिच्यातली राख कुणाची ह्यावर वाद आहे.

पुढची हकीकत अशी. प्रजासत्ताकाच्या सेनेटमध्ये तो निवडून गेला, तिथे दुभाष्यामार्फत बोलत असे, कायदे स्पॅनिशमध्येही छापावेत म्हणून भांडत असे. त्याच्या नावाचे गाव झाले. सान अंतोनिओ रिकामे करून उद्ध्वस्त करण्याचा एका सेनानीचा बेत त्याने राष्ट्राध्यक्ष ह्यूस्टनकडे दाद मागून थांबवला होता. त्यातून वैर वाढले. तो गावचा नगराध्यक्ष झाला तेव्हा बाहेरून आलेल्या जमीनलोभ्यांनी त्याच्या लोकांच्या घरादारांवर डोळा ठेवला होता, आणि तो आड येत होता. १८४२ च्या मार्चमध्ये मेक्सिकन फौज गावावर चालून आली, तेव्हा 'सेगीन आमचाच आहे' अशी अफवा पसरवण्यात आली. एवढे पुरले. एप्रिलमध्ये राजीनामा देऊन तो पळाला. पळून जायला जागा एकच होती, ती म्हणजे मेक्सिको. तिथे तुरुंग किंवा फौजेत चाकरी असा पर्याय पुढे आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल वोलच्या फौजेबरोबर सेगीन आपल्या गावात शत्रू म्हणून शिरला.

हे सर्व त्याने १८५८ मध्ये एका छोट्या पुस्तकात मांडले. पुस्तक इंग्रजीत आहे, आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नाव जॉन एन. सेगीन असे आहे. हुआनचा जॉन झाल्याशिवाय त्याचे ऐकायला कुणी बसले नसते, हे त्याने जाणले होते. जन्मभूमीतच आपण परके झालो अशी खंत त्यात आहे, आणि तिचा उल्लेख आता अनेकजण करतात. पण त्या एका उद्गारासाठी पुस्तक थोर मानायला मी तयार नाही. सेगीनने आठवणी लिहिल्या असे म्हणतात. वस्तुतः त्याने कैफियत लिहिली. आरोप, खुलासा, पुन्हा आरोप, पुन्हा खुलासा. ज्या न्यायाधीशांनी निकाल आधीच देऊन ठेवला आहे त्यांच्यासमोर तो बोलतो आहे, आणि त्यामुळे त्याचे सारे लक्ष आपण निर्दोष कसे हे दाखवण्याकडे आहे. वोलच्या फौजेबरोबर आपल्या गल्लीतून घोडा हाकताना मनात काय आले हे तो सांगत नाही. सांगितले असते तर ते त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले असते. म्हणजे जो प्रसंग कलावंताने सर्वांत पुढे आणायचा, नेमका तोच दडपणे सेगीनला भाग होते. पुस्तकाची ही उणीव लेखकाची म्हणायची की वाचकांची, हे मला निश्चित सांगता येत नाही.

अलीकडे वातावरण पालटले आहे. १९७६ मध्ये सेगीनच्या अस्थी त्याच्या नावाच्या गावी आणून पुन्हा पुरल्या. २००४ च्या चित्रपटात तो ठसठशीतपणे दिसतो. २०२१ मध्ये अलामो विसरा असे नावातच बजावणारे एक इतिहासाचे पुस्तक निघून त्यावर टेक्सासात राजकारण्यांपर्यंत गदारोळ झाला. हे सगळे ठीक आहे. पण मूर्ती उलटी करून ठेवली म्हणजे तिच्यात जीव येत नाही. ट्रॅव्हिस वीर होता म्हणणे आणि ट्रॅव्हिस गुलामांचा मालक होता म्हणणे, ह्या दोन्हींपैकी कशानेही सेगीनच्या मनात आपला शिरकाव होत नाही.

तो शिरकाव, माझ्या वाचनापुरता, अमेरिको पारेदेसच्या 'जॉर्ज वॉशिंग्टन गोमेस' ह्या कादंबरीने करून दिला, आणि गंमत अशी की ती सेगीनवर नाही. पारेदेस सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलचा. कादंबरी त्याने विशीत, १९३६ ते १९४० च्या दरम्यान लिहिली. टेक्सास आपल्या स्वातंत्र्याची शताब्दी मिरवत होता ते हे दिवस. ती छापली गेली १९९० मध्ये. नायकाचे नाव आईबापांनी मोठ्या आशेने जॉर्ज वॉशिंग्टन ठेवलेले. आजीच्या तोंडी त्याचे ग्वालिंतो होते. इंग्रजी शाळेत त्याला अलामो आणि सान हासिंतो शिकवतात, आणि तो एक दिवास्वप्न वारंवार पाहतो. त्यात सान हासिंतोची लढाई उलटी फिरते, ह्यूस्टन हरतो. पण ग्वालिंतो सांता आनालाही सोडत नाही. त्यालाही फासावर चढवतो. शंभर वर्षांपूर्वी सेगीनला जी तिसरी बाजू हवी होती, जी इतिहासात कुठेच नव्हती, ती एका शाळकरी पोराच्या स्वप्नात अशी जागा मिळवते.

मोठेपणी हाच मुलगा आपले नाव जॉर्ज जी. गोमेस करतो, आणि सीमेवरच्या आपल्याच लोकांवर पाळत ठेवणारा अमेरिकन लष्कराचा अधिकारी होऊन गावी परततो. स्वप्न मात्र त्याला अजून पडते, आणि जाग आल्यावर तो चिडतो. हा शेवटचा भाग घाईने उरकलेला आहे. तीनशे पानांच्या आसपासच्या कादंबरीत त्याला आणखी पन्नास पाने मिळायला हवी होती. मधली वर्षे गाळल्यामुळे नायकाचा पालट वाचकाला विश्वासावर घ्यावा लागतो. मामाशी होणारी त्याची अखेरची भेट तेवढी पूर्ण उतरली आहे. दोघे थोडे बोलतात, कुणी आवाज चढवीत नाही, आणि आपल्याच गल्लीत शत्रूच्या फौजेबरोबर शिरलेल्या माणसाला काय वाटते, ते त्या संभाषणात कुणीही न सांगता कळते.